जुनी वेगवान मोटार : घेणें आणि राखणें

मोटारगाडी विकत घेणें ही गोष्ट मध्यम स्थितींतील कुटुंबास अद्यापि सहजसाध्य झालेली नाहीं. आणि जिच्यांत चार माणसें बसून बाजारहाटहि होईल व मोकळा रस्ता मिळाल्यावर चालविणाऱ्यास खरा आनंदहि होईल, अशी गाडी नवी घेणें तर त्याहून कठीण. म्हणून पुष्कळांची दृष्टि जुन्या गाड्यांच्या बाजाराकडे वळते. आठ-दहा वर्षांपूर्वीं कोणी तरी मोठ्या हौसेनें घेतलेल्या, आकारानें आटोपशीर परंतु इंजिनानें जोरकस अशा गाड्या तेथें मूळ किंमतीच्या मानानें बऱ्याच स्वस्त मिळतात. आज आपणांशीं बोलावयाचें आहे तें या गाड्यांविषयीं. अशी गाडी कोणती, ती काय पाहून घ्यावी, आणि घेतल्यावर जळकोटसारख्या तालुक्याच्या गांवीं ती कशी राखावी, हे तीन प्रश्न क्रमानें पाहूं.

हॅचबॅक म्हणजे मागील बाजूस वर उघडणारें दार असलेली लहान गाडी. तिच्यांत बसण्याची व सामानाची जागा एकाच छपराखालीं असते. अशा साध्या घरगुती गाडींत नेहमींपेक्षां जोरदार इंजिन बसवावें, तिचे ब्रेक व स्प्रिंगा त्या मानानें भक्कम कराव्या, आणि बाह्य रूप बहुतेक तसेंच ठेवावें, ही कल्पना युरोपांत रुजली. जर्मनींतील फोक्सवॅगन कंपनीनें १९७६ सालीं गोल्फ जीटीआय नांवाची गाडी विक्रीस काढली, तिच्यामुळें हा प्रकार लोकप्रिय झाला. तिचें १.६ लिटरचें इंजिन ११० अश्वशक्तीचें होतें. त्या काळच्या लहान गाडीस ही शक्ति फार मोठी.

आपल्याकडे हा प्रकार उशिरां आला, परंतु त्यांतील दोन प्रसिद्ध गाड्या महाराष्ट्रांतच तयार झाल्या. पुण्याजवळ चाकण येथें फोक्सवॅगनचा कारखाना २००९ सालीं सुरू झाला. तेथें तयार होणाऱ्या पोलो गाडीची जीटी टीडीआय ही डिझेल आवृत्ति २०१३ सालीं बाजारांत आली. प्रथम तिला १.६ लिटरचें आणि २०१४ पासून १.५ लिटरचें इंजिन होतें. सुरुवातीस शक्ति १०५ अश्वशक्ति आणि ओढ २५० न्यूटन-मीटर. गिअर पांच, व ते हातानें बदलावयाचे. पुणें जिल्ह्यांतीलच रांजणगांवच्या कारखान्यांत तयार झालेली फियाटची अबार्थ पुंटो २०१५ सालीं विक्रीस आली; तिचें १.४ लिटरचें टर्बो पेट्रोल इंजिन १४५ अश्वशक्तीचें. पुढें मारुतीची बलेनो आरएस २०१७ सालीं आणि टाटांची टियागो जेटीपी २०१८ सालीं आली. आज या चारींचें उत्पादन बंद आहे. १ एप्रिल २०२० पासून प्रदूषणाचे बीएस-सहा हे नियम लागू झाले, तेव्हां पोलोचें डिझेल इंजिन गेलें. आणि २०२२ सालीं पोलोहि आपल्या बाजारांतून निवृत्त झाली. यांपैकीं एखादी गाडी हवी असेल तर ती जुनीच घ्यावी लागणार, हें उघड आहे.

आतां जळकोटचा विचार करूं. लातूर जिल्ह्यांतील हें तालुक्याचें गांव उदगीर-नांदेड मार्गावर, बालाघाटाच्या डोंगराळ पट्ट्यांत वसलेलें आहे. येथील पुष्कळ घरांतील मुलें नोकरीनिमित्त पुण्यास किंवा हैदराबादेस असतात आणि आईवडील गांवीं राहतात. मुलगा शहरांत जुनी गाडी पसंत करतो व ती गांवच्या घरीं आणून ठेवतो. आणि मग वडिलांना रात्रीं-अपरात्रीं उदगीरला, लातूरला किंवा नांदेडला दवाखान्यांत न्यावयाची वेळ आली म्हणजे सारा भार त्या एका गाडीवर पडतो. पुण्यांत गाडी अडली तर रिक्षा मिळते आणि तासाभरांत मिस्त्रीहि येतो. माळरानावरच्या रस्त्यांत मध्यरात्रीं गाडी बंद पडली, तर तो प्रश्न केवळ गैरसोयीचा राहत नाहीं. म्हणून शहरांतील हौशी माणसास जी हयगय खपून जाते ती येथें खपत नाहीं. या भाषणाचें सार सांगावयाचें तर इतकेंच, कीं गाडी किती धांवली यापेक्षां तिची निगा वेळच्या वेळीं झाली कीं नाहीं, यावर तिचा भरंवसा अवलंबून असतो.

हातानें गिअर बदलावयाची गाडी खेड्यापाड्यांत सोयीची, असें जें म्हणतात त्यांत तथ्य आहे. स्वयंचलित गिअरपेटी बिघडली तर तिला संगणकीय उपकरण आणि खास शिकलेला कारागीर लागतो. उलट साध्या गिअरपेटीचा क्लच उतरवून नवा बसविणें हें काम तालुक्याच्या ठिकाणचा अनुभवी मिस्त्रीहि करूं शकतो. शिवाय बॅटरी उतरली असतां अशी गाडी ढकलून सुरू करतां येते. परंतु ही सोय वापरण्यावांचून गाडी सुरूच होत नसेल, तर आधीं बॅटरी बदलावी हें बरें.

गाडी पाहावयास जातांना प्रथम गाडी न पाहतां तिचे कागद पाहावे. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्यें जीं जीं कामें झालीं त्यांची नोंद गाडीच्या चासी नंबरावर ठेवलेली असते. मालकाच्या संमतीनें ती मागून घ्यावी. मीटरवरचा आंकडा मागें फिरविण्याचा उद्योग या धंद्यांत चालतो, हें सर्वांस ठाऊक आहे. परंतु चार वर्षांपूर्वींच्या नोंदींत ऐशीं हजार किलोमीटर आणि आजच्या मीटरवर साठ हजार, असें दिसलें कीं लबाडी आपोआप उघडी पडते. नोंद मिळत नसेल तर क्लचच्या पायपट्टीचें रबर, स्टिअरिंगची झिलई आणि चालकाच्या आसनाची कड पाहावी. चाळीस हजार किलोमीटर चाललेल्या गाडीचें रबर गुळगुळीत होत नाहीं. टायरच्या बाजूवर चार अंकांचा एक शिक्का असतो. पहिले दोन अंक आठवड्याचे व पुढचे दोन सालाचे. ३२१९ म्हणजे २०१९ सालचा बत्तिसावा आठवडा. टायरचीं नक्षी शाबूत असली तरी पांच-सहा वर्षांत रबर कडक होतें आणि पावसांत त्याची पकड कमी होते.

इंजिन थंड असतांना गाडी सुरू करून दाखवावी, असा आग्रह धरावा. आपण येण्यापूर्वींच ती तापवून ठेवलेली असेल, तर पुन्हा दुसऱ्या दिवशीं जावें. सुरू होतांच निळसर धूर आला तर इंजिन तेल जाळीत आहे असें समजावें. डिझेल गाडींतून सतत काळा धूर आला तर हवा कमी किंवा इंधन जास्त जात आहे. आणि इंजिन तापल्यावरहि पांढरा धूर राहिला व कूलंटची पातळी घटत असली, तर त्या गाडीचा नाद सोडावा. नंतर रस्त्यावर, कमी गतींत वरचा गिअर घालून अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून पाहावा. इंजिनाचे फेरे वाढले आणि गाडीची गति मात्र त्या मानानें वाढली नाहीं, तर क्लच सरकतो आहे. तिसऱ्यावरून दुसरा गिअर घेतांना करकर आवाज आला तर गिअरपेटींतील दांत्यांची गति जुळविणारीं कडीं झिजलीं आहेत. हीं दोन्ही कामें होण्यासारखीं असतात. परंतु त्यांचा खर्च किंमतींतून वजा झाला पाहिजे.

वेगवान गाडींत आणखी एक गोष्ट पाहावी लागते, ती साध्या गाडींत सहसा उद्भवत नाहीं. हौशी मालक इंजिनाच्या संगणकांतील आज्ञावली बदलून शक्ति वाढवून घेतात. यास रीमॅप म्हणतात. त्यामुळें इंजिन तात्काळ बिघडतें असें नाहीं. तथापि क्लच, टर्बो आणि गिअरपेटी यांवर मूळ आंखणींत नसलेला ताण वर्षानुवर्षें पडत राहतो. विकतांना मालक मूळ आज्ञावली परत घालून देतो, परंतु झालेली झीज परत भरून येत नाहीं. म्हणून तसें कांहीं केलें होतें काय, हें स्पष्ट विचारावें, आणि एअर फिल्टर किंवा धुराड्याची नळी मूळची आहे कीं बाहेरची, हें डोळ्यांनीं पाहावें. २०१५ सालच्या अखेरपर्यंत तयार झालेल्या डिझेल पोलोच्या बाबतींत आणखी एक चौकशी आहे. धुराच्या चांचणीसंबंधीं जगभर गाजलेल्या प्रकरणानंतर फोक्सवॅगननें डिसेंबर २०१५ मध्यें भारतांतील सुमारें ३ लाख २३ हजार डिझेल गाड्या दुरुस्तीसाठीं परत बोलाविण्याचें जाहीर केलें. आपण घेत असलेल्या गाडीवर तें काम झालें कीं नाहीं, हें चासी नंबरावरून सर्व्हिस सेंटरमध्यें कळतें.

कायद्याचा भाग थोडक्यांत सांगतों. नांव बदलण्यासाठीं २९ व ३० क्रमांकाचे नमुने भरावे लागतात. गाडी त्याच राज्यांतील असेल तर विकणाऱ्यानें चौदा दिवसांच्या आंत आणि घेणाऱ्यानें तीस दिवसांच्या आंत परिवहन कार्यालयास कळवावें, असा मोटार वाहन कायदा, १९८८ याचा नियम आहे. विमा आपल्या नांवावर करून घेण्याचा अर्जहि चौदा दिवसांच्या आंत करावा. तो न केल्यास आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा फेटाळला जाण्याचा संभव असतो. कर्जाचा बोजा उतरला आहे काय, तें नोंदणीपत्रावर पाहावें. दिल्ली व भोंवतालच्या प्रदेशांत दहा वर्षांहून जुन्या डिझेल गाड्यांवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानें २०१५ सालीं निर्बंध घातले. तेव्हांपासून तिकडच्या अनेक गाड्या इतर राज्यांत विकल्या गेल्या. अशी गाडी स्वस्त दिसते खरी, परंतु तिला तिकडच्या कार्यालयाचें ना-हरकत प्रमाणपत्र लागतें आणि महाराष्ट्राचा कर भरावा लागतो. तो जमेस धरल्यावर स्वस्ताई कितपत उरते, याचा हिशेब आधींच करावा. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. २०१३ सालची गाडी आज घेणाऱ्यानें, नूतनीकरणाची तपासणी फार दूर नाहीं, हें ध्यानांत ठेवावें.

गाडी घरीं आल्यावर पहिलें काम टायमिंग बेल्टचें. पोलो जीटी टीडीआय आणि अबार्थ पुंटो या दोन्ही गाड्यांत, इंजिनाचा मुख्य दांडा व झडपा उघडणारा दांडा यांस जोडणारा एक दातेरी रबरी पट्टा असतो. तो चालतो तोंवर त्याची आठवणहि होत नाहीं. तुटला तर मात्र झडपा उघड्याच राहून वर येणारा पिस्टन त्यांवर आदळतो, आणि एका क्षणांत इंजिनाचें मोठें नुकसान होतें. पट्टा तुटण्यापूर्वीं बहुधा कांहींच सूचना देत नाहीं. तो किती किलोमीटरांनीं व किती वर्षांनीं बदलावा, हें कंपनीच्या पुस्तकांत दिलेलें असतें. यांतील वर्षांची अट लोक विसरतात. गाडी उभी असली तरी रबर म्हातारें होतच असतें. जुन्या मालकाजवळ हा पट्टा बदलल्याची पावती नसेल, तर तो बदललेला नाहीं असें धरून चालावें. आणि त्याबरोबर त्याची ताणकप्पी व पाण्याचा पंपहि नवा घालावा, कारण उघडण्याची मजुरी एकदांच पडते.

दुसरी गोष्ट तेलाची. टर्बो म्हणजे इंजिनांतून बाहेर पडणाऱ्या तप्त वायूच्या जोरावर फिरणारें लहान चाक. त्याच दांड्यावर दुसरें चाक असतें. तें बाहेरची हवा दाबून इंजिनांत भरतें. हवा जास्त, म्हणून इंधनहि जास्त जाळतां येतें, आणि लहान इंजिन मोठ्याचें काम करतें. हा दांडा मिनिटास लाखाहून अधिक फेरे घेतो, व त्यास आधार असतो तो केवळ तेलाच्या पातळ थराचा. तेल जुनें, घट्ट किंवा कमी झालें कीं पहिला घाव टर्बोवर बसतो. म्हणून कंपनीनें ज्या प्रतीचें तेल सांगितलें तेंच वापरावें. मिस्त्रीजवळ पिंपांत आहे म्हणून दुसरें घालूं नये. पुस्तकांत वर्षाची किंवा पंधरा हजार किलोमीटरांची मुदत दिलेली असली, तरी आपल्याकडील धूळ व ऊन पाहतां ती आठ-दहा हजारांवर आणणें शहाणपणाचें. लांबून जोरानें आल्यावर इंजिन लगेच बंद न करतां अर्धा-एक मिनिट तसेंच चालूं द्यावें, म्हणजे तापलेल्या टर्बोंतून तेल फिरून तो निवतो.

तिसरी गोष्ट पाण्याची. आपल्या भागांत विंधन विहिरींचें पाणी जड असतें. चहाच्या भांड्यावर जो पांढरा थर जमतो तोच रेडिएटरच्या बारीक नळ्यांत जमतो. कूलंट कमी दिसला म्हणून घागरींतील पाणी ओतणें हा इंजिनावर केलेला अन्याय आहे. कंपनीनें सांगितलेला कूलंट आणि क्षारविरहित पाणी यांचें योग्य मिश्रणच घालावें, व त्याची एक बाटली गाडींत ठेवावी. उन्हाळ्यांत पारा चाळिसाच्या वर जातो आणि सोयाबीनच्या मळणीच्या दिवसांत हवेंत भुसा उडतो. त्यामुळें एअर फिल्टर शहरांतल्यापेक्षां लौकर बदलावा लागतो. डिझेल गाडीच्या इंधन फिल्टरमध्यें सांचणारें पाणी वेळोवेळीं काढून टाकावें, नाहीं तर नाजूक व महाग इंजेक्टर बिघडतात.

चौथी गोष्ट ब्रेकची, आणि ती जीविताशीं निगडित आहे. ब्रेकचें तेल हवेंतील ओल शोषून घेतें. नव्या डॉट-चार तेलाचा उत्कलनबिंदु किमान २३० अंश सेल्सिअस असतो. ओल शिरलेल्या तेलाचा तो १५५ अंशांपर्यंत उतरूं शकतो. घाटांतून उतरतांना ब्रेक सतत दाबला म्हणजे तें तेल उकळतें, त्यांत वाफेचे बुडबुडे होतात, आणि पाय खालीं जातो पण गाडी थांबत नाहीं. दोन वर्षांनीं हें तेल बदलावें. त्यास लागणारा खर्च एका टायरच्या किंमतीहूनहि कमी असतो.

आतां दुरुस्ती कोठें करावी? जळकोटला किंवा उदगीरला मिळणाऱ्या मिस्त्रीस कमी लेखण्याचें कारण नाहीं. तेल, फिल्टर, ब्रेकचे पॅड, चाकांच्या बेअरिंगा, बॅटरी हीं कामें तो उत्तम करतो. आपण योग्य सुटा भाग व योग्य प्रतीचें तेल आणून द्यावें आणि काम उभें राहून पाहावें. टायमिंग बेल्ट, इंजेक्टर, टर्बो आणि संगणकाची तपासणी मात्र, ज्यांजवळ त्या इंजिनाचीं खास उपकरणें आहेत त्यांजकडेच न्यावी, मग त्यासाठीं मोठें शहर गांठावें लागलें तरी चालेल. अशीं कामें वर्षांतून एकदां ठरवून, एकाच फेरींत करावीं. गाडी निवडतांनाहि सुट्या भागांचा विचार करावा. पोलो मोठ्या संख्येनें विकली गेली, आणि तिचे पुष्कळ भाग त्याच घराण्यांतील इतर गाड्यांस चालतात. अबार्थ पुंटो थोडीच विकली गेली व फियाटनें आपल्याकडे मोटारी विकणें थांबविलें, म्हणून तिच्या कांहीं भागांसाठीं शोध करावा लागतो. ज्यास शोधाचा व वाट पाहण्याचा कंटाळा आहे त्यानें अधिक शक्तीच्या मोहांत पडूं नये.

गाडी महिनोन्‌महिने उभी राहते, हाहि एक रोगच आहे. बॅटरी उतरते, टायर एका बाजूस चपटे होतात, ब्रेकच्या तबकड्या गंजतात, आणि उंदीर बोनेटखालीं घर करून तारा कुरतडतात. घरच्या कोणीतरी आठवड्यांतून एकदां ती गाडी पंधरा-वीस किलोमीटर फिरवून आणावी; नुसती दारांत सुरू करून बंद करूं नये, कारण त्यानें इंजिन पुरतें तापत नाहीं आणि बॅटरीहि भरत नाहीं.

पैशाविषयीं एक नियम सुचवितों. जेवढी रक्कम जवळ असेल ती सर्व गाडीच्या किंमतींत घालूं नये. निदान पांचवा हिस्सा पहिल्या दोन महिन्यांतील बेल्ट, तेलें, टायर व क्लच यांसाठीं राखून ठेवावा. एक साधी वही करावी. तींत तारीख, मीटरचा आंकडा, काम, वापरलेल्या तेलाची प्रत आणि खर्च लिहावा. ती वही घरांत सर्वांस सांपडेल अशा जागीं असावी, कारण मुलगा पुण्यांत असतांना गाडी गॅरेजमध्यें नेणारे बहुधा वडील किंवा धाकटा भाऊ असतात.

शेवटीं वेगाविषयीं. केंद्र सरकारच्या २०१८ सालच्या अधिसूचनेनें मोटारींसाठीं द्रुतगति मार्गावर १२०, दुभाजक असलेल्या चौपदरी रस्त्यावर १०० आणि इतर साध्या रस्त्यांवर ७० किलोमीटर अशा कमाल मर्यादा घातल्या. आपल्याकडील बहुतेक रस्ते या तिसऱ्या वर्गांतले. गळिताच्या हंगामांत मागचा दिवा नसलेली उंसाची ट्रॉली अंधारांत समोर उभी ठाकते, तेव्हां १०५ अश्वशक्तीचा उपयोग नसतो. उपयोग असतो तो चांगल्या ब्रेकचा, चांगल्या टायरांचा आणि चालविणाऱ्याच्या संयमाचा. त्या शक्तीचा खरा लाभ, पुढची ट्रॉली ओलांडतांना समोरच्या बाजूस कमीत कमी वेळ राहावें लागतें, हा होय. एवढ्यासाठीं जो ती गाडी घेईल आणि तिची वही नियमानें लिहील, त्यास ती पुष्कळ वर्षें सुख देईल. आणि रात्रीं कोणी दार ठोठावून दवाखान्यांत चला म्हणालें, तर किल्ली घेतांना त्याचा हात अडखळणार नाहीं.